कंपनी सुटताना बघणारा भूषणदादा

माझ्यासारखीनं एखाद्या माणसावर लेख लिहावा की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही, म्हणून आधीच क्षमा मागते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजवर आमच्याकडे जे काही लिहिलं गेलं ते दुसऱ्या कोणीतरी लिहिलं आणि आम्ही खाली सही केली. त्यामुळे माझं काही चुकलं तर कान धरायलाही घरात कोणी नाही. पण भूषणदादाबद्दल आमच्या डोकमर्डीत, म्हणजे सिल्वासाच्या कंपन्यांजवळच्या वस्तीत, इतकं वाटेल ते बोललं जातं, की खरं काय ते कोणीतरी सांगायला हवं. बाकी सगळे शिफ्टला जातात. मोकळी मीच आहे.

तर, बाली नावाचं एक बेट आहे. सगळं जग तिथे समुद्र बघायला जातं. आमच्या शेजारचा भूषणदादा पाठीवर एक बॅग टाकून एकटाच तिथे गेला आणि तिथून त्यानं पहिला फोटो पाठवला तो एका कंपनीच्या गेटचा. लोखंडी गेट, खुर्चीवर वॉचमन, बाहेर स्कूटरींची रांग. मला वाटलं, चुकून दाबला गेला असेल. मग दुसरा फोटो आला. तेच गेट, पण आता उघडलेलं, आणि त्यातून डबे घेतलेल्या बायकांचा लोंढा बाहेर पडतोय. खाली लिहिलं होतं, "प्रोफेसर, इथे कपडे शिवतात. आता सुटली कंपनी. बघ, बायका कशा हसत निघाल्यात. म्हणजे सुपरवायझर बरा असणार."

प्रोफेसर म्हणजे मी. अकरावीला नाव घातलं त्या दिवसापासून तो मला तेच म्हणतो.

"दादा, समुद्र कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे ना. मागे आहे. तो कुठे पळून जातोय?"

हे त्याचं सगळीकडे असंच. व्हिएतनाम, लाओस, मलेशिया, इंडोनेशिया. बाकीचे प्रवासी देवळं बघतात, डोंगर चढतात, मगरी बघायला बोटीत बसतात. दादा रिक्षावाल्याला विचारतो, "इथे कंपनी कुठे आहे?" मग सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसतो, जे मिळेल ते पितो, बघतो आणि बाहेर पडणाऱ्यांना खुणांनी आतलं विचारतो. "शहर बघायचं तर कंपनी सुटताना बघायचं," असं तो म्हणतो. "देऊळ काय, सगळ्यांना बघून तसंच उभं राहतं. गेट खोटं बोलत नाही."

यावरून त्याच्यावर प्रसंगही आलेत. एका ठिकाणी वॉचमनला वाटलं की हा नोकरी मागायला आलाय. त्यानं दादाचा दंड चाचपून बघितला, मान हलवली आणि खुणेनं सांगितलं की उद्या सकाळपासून ये. दुसऱ्या एका गावी तो सलग तीन दिवस त्याच टपरीवर बसलेला दिसला म्हणून आतल्या साहेबांना तो सरकारी तपासणीवाला वाटला. त्यांनी बाहेर थंडगार शहाळं पाठवलं आणि मागच्या बाजूनं घाईघाईनं झाडलोट सुरू केली. दादानं शहाळं पिऊन टाकलं. "झाडलोट तर झाली ना?" तो म्हणाला. "मग लोकांचं भलंच झालं की."

त्याचं इंग्रजीही कंपनीचंच आहे. हॉस्टेलात एका ऑस्ट्रेलियन मुलीनं विचारलं, जेवण कसं आहे? दादा म्हणाला, "क्वालिटी पास." लाओसमध्ये बस बंद पडली आणि सगळे गोरे हवालदिल होऊन रस्त्याच्या कडेला बसले, तेव्हा हा इंजिनात डोकं घालून ओरडला, "मेंटेनन्स! मेंटेनन्स!" आणि आश्चर्य म्हणजे समोरच्या शेतातून एक माणूस पाना घेऊन आला. कुठेही अडकला, पाऊस लागला, रस्ता चुकला, की फोनवर त्याचं एकच वाक्य असतं, "काळजी नको, लाइन चालू आहे."

व्हिएतनाममधला बिबड्यांचा किस्सा तर आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ आहे. बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. काकूंनी, म्हणजे दादाच्या आईनं, कोणाला न दाखवता त्याच्या बॅगेत एक थप्पी घातली होती. तिथल्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात त्यानं एक बिबडा गॅसवर धरला. धूर झाला. छताला लावलेला भोंगा बोंबलायला लागला. सगळी इमारत, कोणी टॉवेलवर, कोणी अर्ध्या चड्डीवर, जिने उतरून रस्त्यावर आली. दादा सगळ्यांत शेवटी उतरला, हातात भाजलेल्या बिबड्यांचं ताट घेऊन. "आता सगळे खाली आलेच होते," तो म्हणाला, "तर म्हटलं वाटून टाकू."

आता इतका गमतीचा माणूस घर सोडून का गेला, ते सांगते.

दादाचे वडील, अण्णा, धुळ्याकडून इथे आले ते राखोलीच्या धाग्याच्या कंपनीत. मशीनवरचे भरलेले बॉबिन उतरवायचे, रिकामे चढवायचे. आयुष्यभर त्यांनी तेच काम केलं आणि आयुष्यभर ठेकेदाराच्या हाताखाली केलं. ठेकेदार बदलले, मशीन बदललं, अण्णा ठेक्यावरच राहिले. सिल्वासाच्या बाहेर राहणाऱ्यांना कदाचित कळणार नाही, पण आमच्याकडे माणसाची ओळख विचारताना आधी कंपनी विचारतात आणि मग आवाज थोडा खाली आणून विचारतात, "पर्मनंट का?" भूषणदादा त्याच कंपनीत लागला आणि काही वर्षांत पर्मनंट झाला. त्या दिवशी अण्णांनी चाळीत पेढे वाटले. आम्हाला दोनदा दिले, कारण पहिल्यांदा दिल्याचं ते विसरले.

दादा पॅकिंगला होता. धाग्याच्या खोक्यांवर कुठे जायचं त्या गावाचं लेबल लावायचं त्याचं काम. हायफाँग, सुराबाया, सुवा. असली नावं तो दिवसभर लावायचा. एके दिवशी जेवायच्या सुट्टीत त्याच्या मनात आलं की आपण इतकी खोकी पाठवली, ती उतरतात कुठे ते एकदा बघायला पाहिजे. त्यानं पासपोर्ट काढला, पैसे साठवले आणि राजीनामा दिला.

मी त्या दिवशी त्यांच्याच घरात होते. त्याची बहीण दीपाली माझी मैत्रीण, तिच्याकडे मेंदी काढायला गेले होते. दादानं सांगून टाकलं. काकूंच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

अण्णा म्हणाले, "पर्मनंट सोडली?"

"हो अण्णा. माझ्या हातची खोकी तिथे जातात, मी का नाही?"

"खोकं विकलं जातं म्हणून जातं," अण्णा म्हणाले. "तुले कोणी इकत घेतलं का?"

अण्णांनी चप्पल घातली. दारात वळून म्हणाले, "जातोस तर जा. मंग या दारात येऊ नको."

अण्णा रागावणारे नाहीत. त्यांना ओरडतानाही कोणी ऐकलेलं नाही. म्हणूनच ते वाक्य सगळ्यांना खरं वाटलं. दादालाही. तो गेला त्या दिवसापासून त्या घरात 'भूषण' हा शब्द बंद झाला. अण्णा ते नाव घेत नाहीत आणि दुसरं कोणी घेतलं तर उठून बाहेर जातात.

मग दादाचा फोन यायचा कुठे? आमच्या घरी. दर रविवारी सकाळी माझ्या मोबाईलवर तो व्हिडिओ कॉल करायचा. काकू आणि दीपाली 'जरा दही मागून येतो' असं सांगून आमच्याकडे यायच्या. एवढं दही आम्ही लावत असतो तर डेअरी काढली असती. आणि त्याच वेळेला अण्णा बरोबर आमच्या खिडकीखालच्या ओट्यावर येऊन बसायचे, रस्त्याकडे तोंड करून.

"इथे वारा लागतो," ते म्हणायचे.

खिडकीखाली वारा नव्हता. तिथे आमच्या एक्झॉस्ट पंख्याची गरम फेक यायची. अण्णा घामानं भिजायचे, पण हलायचे नाहीत.

मला आधी त्यात काही दिसलं नाही. मी आपली फोन धरून उभी राहायचे. एवढं मात्र लक्षात यायचं, की दादाच्या बोलण्यात दोन आवाज असायचे. समुद्राचं, डोंगराचं, तिथल्या मुलींचं तो आम्हाला साध्या आवाजात सांगायचा. गेटचं सांगायला लागला की आवाज एकदम चढायचा. "इथे मशीनच्या वर पंखे आहेत! मोठ्ठे! गरम होत नाही लोकांना!" "इथे बसायला स्टूल देतात, उभं राहायला लागत नाही!" मी म्हटलं, दादा, मी बहिरी नाही. तो म्हणाला, "लाइनवर काम केलेल्या माणसाचा आवाज असाच असतो, प्रोफेसर."

सोमवारी मी कॉलेजला निघाले की अण्णा नळापाशी भेटायचे. इकडेतिकडे बघत विचारायचे, "पोरी, ते स्टूल... लाकडाचं का लोखंडाचं?"

"कोणतं स्टूल, अण्णा?"

"काही नाही. असंच."

आणि मग माझ्या मागून, अगदी हळू, "जेवना का तो?" म्हणजे, जेवला का तो. नाव नाही. नुसतं 'तो'.

एका रविवारी अण्णांना ओव्हरटाइमला बोलावलं होतं. ओटा रिकामा होता. दादा तेव्हा इंडोनेशियात होता. बराच वेळ बोलला, पण साध्याच आवाजात. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "दादा, या आठवड्यात गेट नाही बघितलं?"

"बघितलं की. चपलांची कंपनी. एकदम भारी."

"मग सांग ना."

त्यानं उलट विचारलं, "अण्णा बसलेत का बाहेर?"

"नाही. ड्यूटीवर आहेत."

"मग पुढच्या रविवारी सांगतो," तो म्हणाला. "नीट बघून ठेवलंय मी. विसरणार नाही."

अण्णा ओट्यावर बसतात, हे त्याला काकूंनी आधीच सांगितलं असणार. हा माणूस देशोदेशी उन्हातान्हात गेटसमोर का बसतो, ते मला त्या दिवशी कळलं. अण्णांना समुद्रात रस नाही. देवळात नाही, डोंगरात नाही. अण्णांना जगातलं एकच कळतं, ते म्हणजे कंपनी. म्हणून तो त्यांच्यासाठी कंपन्या बघत फिरत होता. ज्यांनी दार बंद केलं, त्यांच्यासाठी आमच्या खिडकीखाली दर रविवारी एक गेट नेऊन ठेवत होता.

आणि आणखी एक कळलं. प्रत्येक देशानंतर तो म्हणायचा, "आता अजून एक." मला वाटायचं, हौस. पण परत कुठे येणार होता तो? पैसे संपले की हॉस्टेलात चादरी धुवायचा, त्याबदल्यात झोपायला जागा मिळायची, की पुन्हा पुढे. मी एकदा विचारलंही होतं, "दादा, येतोस कधी?" तर हसून म्हणाला, "बोलावलं की."

असा पुढे पुढे जात तो फिजीला पोहोचला. नकाशात मी शोधलं तेव्हा कागदाच्या अगदी काठावर सापडलं. "इथून पुढे समुद्रच आहे, प्रोफेसर," तो म्हणाला. "आता आणखी पुढे गेलो तर पृथ्वीला वळसा होऊन उलटं घरीच यायला लागेल. पंचाईत आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर मोठ्यानं हसला. काकू हसल्या नाहीत.

फिजीत त्यानं साखर कारखान्याचं गेट बघितलं. तिथल्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं त्याला हिंदीत विचारलं, कौन मुलुक? त्या म्हाताऱ्याचे पणजोबा इंग्रजांच्या काळात आपल्याकडून तिथे ऊस तोडायला नेलेले. कराराला ते लोक गिरमिट म्हणतात. अंगठा घ्यायचे आणि जहाजात बसवायचे. दादा नेहमीच्या चढ्या आवाजात सांगत होता, "म्हणजे ठेक्यावरच! तेव्हापण ठेकेदार होते! इथपर्यंत आणलं होतं आपल्या लोकांना!"

तेवढ्यात खिडकीच्या गजांना बाहेरून दोन हात लागले. अण्णा उठून उभे होते. त्यांनी फोनकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"इचार त्याले," ते म्हणाले. "परत जायाले मिळे का त्या लोकांना?"

विचारायची गरजच नव्हती, पलीकडे ऐकू गेलं होतं. कधी नव्हे तो दादाचा आवाज खाली आला.

"काही जण आले परत," तो म्हणाला. "बरेच नाही आले."

अण्णांनी गज सोडले आणि ते घरात गेले. दादानं सांगितलं की तो आता मालवाहू बोटीनं लांबच्या एका बेटावर चाललाय, बरेच दिवस रेंज नसेल. जाता जाता काकूंना म्हणाला, "आई, दीपालीला बघायला पाहुणे येणार आहेत ना? माझं विचारलं तर सांग, सिंगापूरला कंपनीत आहे. माझ्यापायी तिचं अडायला नको."

पाहुणे पुढच्या आठवड्यात आले. मुलगा नरोलीला इलेक्ट्रिशियन, पर्मनंट. सोबत त्याचे आईवडील. मी पोह्यांच्या बशा फिरवायला होते. काकूंनी सकाळपासून 'सिंगापूर' इतक्या वेळा घोकलं होतं की पोह्यांत मीठ दोनदा पडलं.

मुलाच्या वडिलांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "आणि मुलगा कुठे असतो आपला?"

काकूंनी तोंड उघडलं. "तो सिंगा..."

"फिरतोय," अण्णा म्हणाले.

काकूंचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"फिरतोय म्हणजे? मार्केटिंगला आहे का?"

"नाही. नुसता फिरतोय."

"कंपनीनं पाठवलंय?"

"कंपनी सोडली त्यानं. पर्मनंट होता. सोडली."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला. मुलाच्या आईनं दीपालीकडे असं बघितलं, जणू राजीनामा तिनंच दिलाय. "पर्मनंट सोडली?" मुलाचे वडील म्हणाले. "अहो पण कशासाठी?"

"कंपन्या बघायले," अण्णा म्हणाले.

आणि मग ते बोलत सुटले. मी अण्णांना एवढं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. व्हिएतनाममध्ये पंखे कुठे बसवलेत. इंडोनेशियात स्टूल कसं आहे, चपलांच्या कंपनीत बायका कशा हसत बाहेर पडतात. तिकडे जेवायच्या सुट्टीत माणसं थोडा वेळ आडवी होतात, आणि कोणी हाकलत नाही. फिजीत आपल्यासारखी माणसं ठेक्यावर गेली आणि तिथलीच झाली. खिडकीतून गेलेला एकेक शब्द त्यांच्याकडे जसाच्या तसा होता. बोलताना हात असे हलत होते, की वाटावं हे स्वतःच त्या टपऱ्यांवर बसून आलेत. मुलानं खुर्ची पुढे ओढली. "काका, तिथे वायरिंग वरून असतं का खालून?" त्यानं विचारलं.

"ते नाही इचारलं," अण्णा म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

मुलाच्या वडिलांना मात्र ते सगळं पचलेलं दिसलं नाही. "बरं, कळवतो," असं म्हणून ते उठले. पाहुणे रिक्षात बसेपर्यंत काकूंनी धीर धरला होता, मग त्यांचा बांध फुटला. "झालं समाधान? एवढं सिंगापूर म्हणायला काय जात होतं?"

"पोराले लपवून पोरगी द्यायची नाही," अण्णा म्हणाले.

दीपाली आत हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. पण या सगळ्याच्या आधी, पाहुणे दारात चपला घालत असताना, आणखी एक गोष्ट घडली होती. एवढा वेळ अण्णा 'तो', 'त्यानं' असंच बोलत होते. मुलाच्या वडिलांनी चपलेत पाय सरकवत सहज विचारलं, "मुलाचं नाव काय म्हणालात?"

अण्णांनी जे उत्तर दिलं ते मी तिथेच, पोह्यांच्या बशा बाजूला ठेवून, दादाला लिहून पाठवलं. ते गेलं नाही. दादा समुद्रात होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांचं शिकवणं चालू असताना बाकाखाली बघितलं, नव्हतं गेलं. त्यानंतर रविवार आला. काकू दही मागायला आल्या, अण्णा ओट्यावर बसले, फोन वाजला नाही. पाहुण्यांकडूनही काही निरोप नव्हता. अण्णा म्हणाले, "बोटीत असंच राहतं," जसं काही ते बोटीतच वाढलेत.

आज दुपारी कॉलेजच्या बस स्टॉपवर उभी असताना फोन बघितला. दादाला मिळालं होतं. त्यानं वाचलंही होतं. उत्तर अजून आलेलं नाही. त्याला पोहोचलेलं एवढंच आहे:

"दादा, पाहुण्यांनी तुझं नाव विचारलं. अण्णा म्हणाले, भूषण. थोरला आहे माझा. घरी आला की तुमच्याकडे घेऊन येतो."